मुखधावने
दातांवर व हिरड्यांच्या कडेला सूक्ष्मजंतूंचा जो चिकट, रंगहीन थर साचतो त्यास प्लाक म्हणतात. तो आटोक्यात ठेवण्यासाठी दात घासण्याच्या जोडीला ज्या औषधी विद्रावांनी गुळण्या करतात, त्यांना मुखधावने म्हणतात. साध्या पाण्याने चूळ भरल्यास अन्नकण निघून जातात. थर मात्र सुटत नाही.

हॅरल्ड ल्यो व त्यांचे सहकारी यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये दाखवून दिले की, निरोगी व्यक्तींनी दात घासणे थांबविल्यास सु. १० ते २१ दिवसांत हिरड्यांना शोथ (दाहयुक्त सूज) येतो व स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर तो ओसरतो. ०·२% क्लोरहेक्झिडिनाच्या १० मिलि. विद्रावाने दिवसातून दोनदा गुळण्या केल्यास दात न घासताही प्लाकास प्रतिबंध होतो, असे १९७० मध्ये ल्यो व श्यॉट यांना आढळले. हे द्रव्य दात व श्लेष्मकला यांना चिकटून सावकाश मुक्त होत असल्याने त्याचा परिणाम कित्येक तास टिकतो. तथापि दीर्घ वापराने दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते व कीटण वाढते. म्हणून ते मुखातील शस्त्रक्रियेनंतर किंवा घासणे अशक्य असता मर्यादित काळच देतात. टूथपेस्टमधील सोडियम लॉरिल सल्फेट या फेसकारी द्रव्याने त्याचा प्रभाव घटतो; यास्तव दोहोंत निदान अर्ध्या तासाचे अंतर ठेवतात.

थायमॉल, मेंथॉल इ. बाष्पनशील तैलद्रव्ये किंवा सेटिलपिरिडिनियम क्लोराइड असलेली मुखधावने तुलनेने सौम्य असतात. जुन्या, जाड थरात कोणतेही मुखधावन पुरेसे शिरत नाही. त्यामुळे ते घासण्यास पूरक ठरते, पर्याय नव्हे. गिळले जाण्याचा संभव असल्याने सहा वर्षांखालील मुलांना ते सामान्यतः देत नाहीत.