वजनाचा काटा अडकलाय? घाबरू नका, आधी हे वाचा

पहिल्या दोन आठवड्यांत वजन भराभर उतरतं आणि मग काटा एकाच आकड्यावर अडकून बसतो. बरेच जण नेमके इथेच कंटाळून डाएट सोडतात. पण असं का होतं?

शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा घटतो, म्हणून सुरुवातीची घट बरीचशी पाण्याची असते. चरबी हळू उतरते. आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग आहे. आदल्या रात्री पापड-लोणचं जास्त झालं किंवा पाळी जवळ आली, तरी अंगात पाणी धरून वजन वाढलेलं दिसतं. शिवाय वजन उतरलं की शरीराला कॅलरीही कमी लागतात, त्यामुळे वेग मंदावतो.

म्हणून रोजच्या आकड्यावरून मूड घालवू नका. आठवड्याची सरासरी काढा. महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजा. जिना चढताना कमी झालेली धाप, सैल झालेला ड्रेस यांचीही नोंद ठेवा. महिनाभर सरासरी आणि कंबर दोन्ही हलली नाही, तर मात्र आहारतज्ज्ञांना भेटा.

वजन जास्त असलेल्या ८० किलोच्या व्यक्तीने ४ किलो, म्हणजे फक्त ५ टक्के वजन कमी केलं, तरी रक्तातली साखर आणि रक्तदाब सुधारू शकतो. मग हे ४ किलो साजरे करायला शेवटच्या आकड्याची वाट कशाला बघायची? नवा कुर्ता आत्ताच घ्या!