खाडीतले खांब

पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळातली घंटा युरोपात ओतलेली आहे, हे आता रिक्षावालाही सांगतो. चिमाजी आप्पांनी वसई घेतली, चर्चच्या घंटा उतरवल्या, त्यातली एक पालीला आली, इथवर सगळ्यांना पाठ असतं. मेणवलीची घंटा 1707 सालची, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू. नाशिकला नारोशंकराच्या देवळावरची 1721 ची. भीमाशंकरलाही एक आहे. या घंटांचा मला फार जुना नाद. कुठल्याही देवळात गेलो की आधी मान वर जाते, हात मग जोडले जातात.

पालीच्या देवळाबद्दल सांगितलं जातं ते सगळंच मात्र पाठ करण्यासारखं नाही. लाकडी देऊळ काढून 1760 साली नाना फडणीसांनी दगडी बांधलं, असं म्हणतात. नानांचा जन्म 1742 चा. अठराव्या वर्षी, पानिपताच्या तोंडावर, या मुलानं दगडांत शिसं ओतून एवढं काम उभं केलं असेल, तर आपण त्यांना अजून नीट ओळखलेलंच नाही. साल तरी चुकीचं किंवा नाव तरी, असं मला वाटतं. भाविकांना दोन्ही हवं असतं, आणि त्यांच्याशी वाद घालण्याची जागा देऊळ नव्हे.

मला त्या घंटेपेक्षा महिना जास्त महत्त्वाचा वाटतो. वसईला मोर्चे लागले 1739 च्या फेब्रुवारीत आणि किल्ला हाती आला मे महिन्यात. सुरुंग खणायचे, दारू कोरडी ठेवायची, तर ते काम जूनच्या आत उरकायला हवं. पाऊस लागला की खंदकात पाणी, तोफांची चाकं चिखलात. उलट समुद्रही बंद, म्हणजे गोव्याहून पोर्तुगीजांची कुमक यायची तर तीही त्याआधीच. दोन्ही बाजूंच्या डोक्यावर मृगाची टांगती तलवार. निजामशाहीनं पोर्तुगीजांच्या रेवदंड्याला घातलेला मोठा वेढाही असाच उन्हाळाभर चालला आणि 1571 च्या जुलैत तहावर मिटला. आपल्या किनाऱ्याचा बराचसा इतिहास घामानं डबडबलेल्या माणसांनी घडवला आहे, आणि आपण तो बघायला जातो डिसेंबरात, स्वेटर घेऊन.

म्हणून रेवदंड्याला मे महिन्यात गेलो. काकडआरतीनंतर पाली सोडली. सरसगडाचा कातळ तेव्हाच तापायला लागला होता आणि अंबा नदीच्या पात्रात पाण्यापेक्षा गोटे जास्त. वाकण, कोलाड, रोहा. तिथून चणेऱ्यावरून कुंडलिकेच्या कडेकडेनं साळाव, आणि पूल ओलांडला की रेवदंडा. जुनं चौल बंदर याच खाडीच्या मुखाशी. टॉलेमीला ते ठाऊक होतं, रोमन मद्याच्या कुंभांची खापरं इथल्या उत्खननात निघाली आहेत आणि अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात घोडा विकायला इथंच उतरला. हे सगळं शाळेतल्या पोरांनाही येतं, त्यामुळे पुढे जाऊ.

रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांत चर्चचे सांगाडे. फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा सातखणी मनोरा उभा आहे. घंटा अर्थातच नाही. भर बारा वाजता त्याच्या सावलीला बसून ताडगोळे सोलत होतो. नखाखाली साल गेली की गोड पाणी कोपरापर्यंत ओघळतं आणि मुंग्या हजर होतात. समोर चुनखडीच्या भिंती डोळे दिपवतात. इटलीच्या किनाऱ्यावर अशा भिंती बघायला आपले लोक लाखांनी पैसे मोजतात.

पण भूमध्य समुद्राची इथं नुसती आठवण येत नाही. तो एकदा खरोखरच इथं येऊन लढला आहे. पोर्तुगीजांनी मिरीचा व्यापार समुद्रमार्गे वळवला तेव्हा इजिप्तचा सुलतान आणि व्हेनिसचे व्यापारी दोघांचंही पोट दुखलं. सुलतान अल्‌-घौरीनं जहाजांसाठी लाकूड भूमध्य समुद्रातून आणवलं, ते वाळवंट ओलांडून सुवेझला नेलं, तिथं गलबतं बांधली आणि अमीर हुसेनला हिंदुस्थानकडे धाडलं. 1508 च्या मार्चमध्ये हा ताफा चौलच्या खाडीत शिरला.

खाडीत तेव्हा होता लोरेंसो द आल्मेदा. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा, विशीतला, अंगानं दांडगा. कोचीनच्या व्यापारी गलबतांना सोबत म्हणून आलेला. लांबून शिडं दिसली तेव्हा ती आल्बुकेर्कचीच, आपलीच, असं समजून त्याची माणसं निर्धास्त राहिली. तरीही पहिली झुंज बरोबरीची झाली. मग दीवचा मलिक अयाझ आपल्या हलक्या होड्या घेऊन इजिप्शियनांच्या मदतीला आला आणि पारडं फिरलं. पोर्तुगीजांनी ओहोटीबरोबर निसटायचं ठरवलं.

लोरेंसोच्या जहाजाला गोळा लागून आत पाणी भरत होतं. जड झालेलं जहाज प्रवाहानं एका बाजूला ओढलं गेलं आणि अडकलं. कशात? कोळ्यांनी जाळी बांधायला खाडीत रोवलेल्या खांबांत. दुसऱ्या पोर्तुगीज जहाजानं दोर टाकून ओढून पाहिलं, दोर तुटला. ओहोटी कुणासाठी थांबत नाही, बाकीची जहाजं बाहेर निघून गेली. लहान होडीतून पळून जा, असं लोकांनी विनवलं तर यानं ऐकलं नाही. एका गोळ्यानं मांडी फोडली तेव्हा डोलकाठीशी खुर्ची मांडून बसला आणि हुकूम देत राहिला. दुसरा गोळा छातीत बसला.

पोर्तुगीज इतिहासकारांनी या खुर्चीचं सोनं केलं. कामोंइश या पोर्तुगीज कवीनं आपल्या महाकाव्यात त्याला जागा दिली. बापाचं दुःख खरं होतं, आणि त्याचा रागही. पिल्लू खाणाऱ्यानं आता कोंबड्याशी गाठ आहे हे ध्यानात ठेवावं, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलल्याचं सांगतात. 3 फेब्रुवारी 1509 ला दीवसमोर त्यानं इजिप्तच्या मामलुकांचा ताफा बुडवला, पुढे कैद्यांचे हाल हाल केले, आणि हिंदी महासागरावर पोर्तुगीजांचा अंमल बसला.

मला या गोष्टीत खुर्चीपेक्षा खांब मोठे वाटतात. पोर्तुगीज ग्रंथांत सरदारांची नावं आहेत, तोफांची वर्णनं आहेत. खांब कुणाचे, जाळ्यात त्या दिवशी काय लागलं, आपल्या खुंटांत अडकलेलं ते धूड पाहून किनाऱ्यावरची माणसं काय बोलली, याची कुणाला पडलेली नव्हती. वीरकथा लिहिणाऱ्याला खांब अडचणीचेच. शौर्यानं जहाज सुटत नाही, हे ते ठासून सांगतात. साळावच्या पुलावर उभं राहून ओहोटीचं पाणी बघितलं तर प्रवाहाचा जोर आणि मुखाशी साचलेला गाळ डोळ्यांनी दिसतो. माझ्या मते त्या लढाईचा निम्मा निकाल तिथंच लागला होता.

रेवदंड्याचा शेवट तर तहावर झाला. वसई गेल्यावर आणि मराठी फौजा गोव्याच्या साष्टीत शिरल्यावर पोर्तुगीजांनी 1740 मध्ये चौल, म्हणजे हाच रेवदंडा, आणि कोर्लई सोडून द्यायचं कबूल केलं, मध्यस्थीला मुंबईचे इंग्रज. एप्रिलमध्ये बाजीराव गेले होते, डिसेंबरात चिमाजी आप्पाही गेले. तहावर मिळालेल्या गावाचा पोवाडा होत नाही, म्हणूनच बहुधा वसईचं नाव पालीच्या रिक्षावाल्यालाही ठाऊक आणि रेवदंडा शनिवार-रविवारच्या बीचपुरता. पलीकडे कोर्लईत काही कुटुंबं मात्र आजही घरात पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. सत्ता जाऊन पावणेतीनशे वर्षं उलटली तरी बोली राहिली, तिला कुणी वेढा घातला नव्हता.

पालीला दर्शनाला जाल तेव्हा घंटा जरूर बघा. पण दिवस हातात असेल तर तसेच खाली खाडीवर उतरा, तेही उन्हाळ्यात, भरती-ओहोटीच्या वेळा कुणा कोळ्याला विचारून. मार्गदर्शकाला लढाईची तारीख येईल, पाणी कुठे वळतं ते त्या कोळ्यालाच माहीत असतं. लोरेंसोनं तेवढं विचारलं असतं तर कदाचित म्हातारा होऊन लिस्बनला मेला असता.