आळेफाट्याला चहा, वडापाव आणि चार्जिंग!

ऑफिस हिंजवडीत, फ्लॅट वाकडला (ईएमआय अजून सतरा वर्षं!) आणि आई-वडील गावी. आपल्यातल्या कितीतरी जणांची हीच स्टोरी. गाव जुन्नरमधलं असो, आंबेगावमधलं असो नाहीतर पार संगमनेरकडचं, रस्ता एकच. पुणे-नाशिक हायवे! आता या मंडळींच्या डोक्यात एक नवा किडा शिरलाय. इलेक्ट्रिक कारचा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हिरव्या नंबरप्लेट दिसायला लागल्यात, लिफ्टमध्ये 'रेंज किती देते हो?' विचारलं जातंय. ऑफिसला जायला-यायला ही गाडी झकास, यात वादच नाही. वाद सुरू होतो तो पुढच्या प्रश्नावर. गावाला कसं जायचं?

माझ्या एका मित्राच्या घरी तीन महिने हाच वाद चाललाय. तो आयटीत, गाव आळे. वडिलांची, म्हणजे दादांची, गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. त्यामुळे त्याच्या बायकोचा सवाल अगदी सरळ आहे. "रात्री दोनला गावाहून फोन आला आणि गाडीत वीस टक्केच चार्जिंग असलं, तर?" मित्राकडे उत्तर नव्हतं. शोरूममधल्या सेल्समनकडे होतं, पण ते ब्रोशरमधलं! मग त्याच्या चुलतभावाची 45 युनिट बॅटरीची एसयूव्ही मागून घेतली आणि एका शनिवारी सकाळी निघालो. पुणे, आळे, नाशिक आणि परत.

टेकडीवरची रेंज, हायवेवरची रेंज

आधी एक छोटा फंडा. ब्रोशरमध्ये 'केडब्ल्यूएच' असं काहीतरी भीतीदायक लिहिलेलं असतं ना, ते म्हणजे आपल्या लाइट बिलावरचं युनिट. एक केडब्ल्यूएच, एक युनिट. म्हणजे 45 युनिटची बॅटरी ही 45 लिटरच्या टाकीसारखी समजा. मग प्रश्न उरतो 'अ‍ॅव्हरेज'चा.

ब्रोशरवरची रेंज येते एआरएआयच्या चाचणीतून. हो, तीच एआरएआय, जिच्या टेकडीवर आपण रविवारी फिरायला जातो आणि नंतर मिसळ खाऊन सगळ्या कॅलरीज परत मिळवतो! चाचणीत गाडी प्रयोगशाळेतल्या रोलरवर ठरावीक वेगाने पळते, तीही बरीचशी शहरातल्यासारखी हळूहळू. हायवेवर मात्र हवा आडवी येते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. पेट्रोल गाडीलाही हे लागू आहेच, पण तिथे कुणाला कळत नाही, कारण पंप दर दहा-पंधरा मिनिटांवर असतो. इलेक्ट्रिक गाडी मात्र चुगलखोर. उजवा पाय जरा जोरात दाबला की स्क्रीनवर लगेच तक्रार!

आमचा हिशोब असा निघाला. ऐंशीच्या आसपास चालवली तर एका युनिटला साडेसहा-सात किलोमीटर. मंचरच्या पुढे मोकळा रस्ता बघून मित्राने शंभरी ओलांडली, तर पाचवर घसरगुंडी. म्हणजे तीच गाडी, तीच बॅटरी, पण एकदा तीनशे किलोमीटर आणि एकदा सव्वादोनशे. 'खरी रेंज किती' या प्रश्नाला म्हणूनच एक आकडा नसतो.

गंमत चाकणला आली. तिथलं ट्रॅफिक काय वर्णावं! पाऊण तास आम्ही कंटेनरच्या मागे मुंगीच्या पावलांनी सरकत होतो. पेट्रोल गाडी असती तर काटा डोळ्यांदेखत खाली आला असता. इथे एसी चालू ठेवूनही जेमतेम एक टक्का गेला. शिवाय महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या इलेक्ट्रिक गाड्या याच चाकणमध्ये तयार होतात. बाहेर आल्या की पहिली टेस्ट दारातच!

फाट्यावरचा थांबा

पुण्याहून आळेफाटा साधारण 90 किलोमीटर. म्हणजे चौदा-पंधरा युनिटं, बॅटरीचा एक-तृतीयांश भाग. बेंगळुरूची रेवा 2001 मध्ये आली तेव्हा तिची रेंज 80 किलोमीटर सांगत. तिने नारायणगाव ओलांडता-ओलांडता मान टाकली असती. 2020 मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची कागदावरची रेंज होती 312. आज 45 युनिटवाली गाडी पुणे-आळे-पुणे एकाही थांब्याशिवाय करते आणि वर थोडं उरतं. पैशांचं म्हणाल, तर घरच्या विजेवर एका बाजूचे पावणेदोनशेच्या आसपास. पेट्रोलला सहाशेच्या पुढे. टोलमध्ये मात्र डिस्काउंट नाही. राज्याच्या 2025 च्या धोरणानुसार इलेक्ट्रिक कारला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी मिळाली, पण चाळकवाडीला फास्टॅग नेहमीसारखाच 'टुंग' करतो.

नाशिकला जायचं असेल तर आळेफाट्यानंतर आणखी 120 किलोमीटर. चंदनापुरीचा घाट, संगमनेर, सिन्नर. परतीचं धरलं तर सव्वाचारशेचा मामला, म्हणजे वाटेत चार्जिंग हवंच. आणि थांबायला आळेफाट्यासारखी जागा नाही. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते इथेच एकमेकांना छेदतात. एसटी थांबते, ट्रक थांबतात. आळे गावात तर ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी आहे. पैठणहून परतीच्या वाटेवर तो इथे थांबला तो कायमचाच, अशी कथा. थांब्याची परंपरा एवढी जुनी!

फाट्याजवळच्या एका हॉटेलच्या आवारात चार्जर होता. अ‍ॅप म्हणालं, 'उपलब्ध'. गन लावली, तर स्क्रीनवर लाल दिवा. हेल्पलाइनवरच्या ताईंनी गोड आवाजात मशीन 'रीस्टार्ट' केलं. दोनदा. लाल दिवा ढिम्म. वेटरने वडापावची प्लेट ठेवता-ठेवता सांगितलं, "ते चार दिवस झालं बंदच हे साहेब. रोज येत्यात लोकं, फोन करत्यात न् जात्यात." थोड्या अंतरावर दुसऱ्या कंपनीचा चार्जर चालू होता. त्यासाठी वेगळं अ‍ॅप, वेगळं वॉलेट आणि पुढे एक गाडी आधीच लागलेली. चाळीस मिनिटं तिची, पन्नास मिनिटं आमची. चहा दोनदा झाला.

लाँग ड्राइव्हची खरी अडचण ही आहे, आणि ब्रोशरमध्ये नेमकी हीच नसते. बॅटरी आता पुरेशी मोठी झालीय. फास्ट चार्जरवर ती दहावरून ऐंशी टक्क्यांवर तासाभरात जाते. (ऐंशीनंतर वेग मुद्दाम कमी होतो, तेव्हा शंभर टक्क्यांचा हट्ट धरून मागच्याच्या शिव्या खाऊ नका!) पण चार्जर बंद असेल, किंवा दिवाळीच्या आदल्या दिवशी पुढे तीन गाड्या असतील, तर तुमच्या 45 युनिटांचं लोणचं घालायचं? हायवेवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय हे राज्याचं उद्दिष्ट चांगलंच आहे. त्यासोबत तो चार्जर किती दिवस चालू होता, हेही कुणीतरी मोजायला हवं.

अर्थात, पेट्रोल गाडीचंही सुरुवातीला असंच होतं. 1888 मध्ये बर्था बेंझ नावाची जर्मन बाई नवऱ्याने बनवलेली गाडी काढून, दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून माहेरी फॉर्झहाइमला गेली. शंभरेक किलोमीटर, म्हणजे आपलं पुणे-आळेच की! पंप नावाची गोष्टच नव्हती. विस्लोखच्या एका औषधाच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतलं. त्या केमिस्टचं दुकान उघडं होतं, हे तिचं नशीब.

खेळ सगळा अर्थिंगचा

संध्याकाळी नाशिकहून परत आळ्यात आलो, मुक्कामाला. दादांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "भारी हे. पण रानाच्या वाटंला चार्जिंग संपलं तर काय बैलं जुपायची का हिला?" मित्र हसला आणि ऐटीत गाडीसोबतचा चार्जर पडवीतल्या सोळा अँपिअरच्या प्लगात घातला. गाडीने नकार दिला. पुन्हा घातला, पुन्हा नकार.

कारण? घराला धड अर्थिंगच नाही. मिक्सर, टीव्ही, फ्रिज यांना त्याचं काही वाटत नाही. कार मात्र अर्थिंग मिळाल्याशिवाय वीज घेतच नाही, आणि ते आपल्याच जिवासाठी आहे. गावाकडच्या जुन्या घरांत ही तक्रार हमखास. शिवाय जुन्या मीटरवर मंजूर भार कमी असतो, आणि कार एकटीच तीन किलोवॉट मागते. पंप चालू झाले की व्होल्टेज पडतं ते वेगळंच. शेतीच्या विजेची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. बिबट्यांच्या या तालुक्यात रात्री पाणी धरायला जाणाऱ्यांना विजेचं वेळापत्रक काय असतं, ते आपण वाकडला बसून शिकवू नये.

पण ही अडचण सुटण्यासारखी आहे. दुसऱ्या दिवशी वायरमन आला, परड्यात खड्डा घेतला, पाइप, कोळसा, मीठ, वर पाणी. एक जाड वायर थेट पडवीपर्यंत. दुपारी प्लग घातला, तर गाडी मुकाट चार्ज व्हायला लागली. रात्रभरात दहा तास मिळाले तर पंचवीस-सव्वीस युनिटं आत जातात. पुण्याला परत जायला ती पुरून उरतात. फाट्यावर चाललेल्या नाटकापेक्षा पडवीतलं हे हळूबाई सॉकेट मला तरी जास्त भरवशाचं वाटलं.

एसटीने नेमकं हेच केलंय. 1 जून 1948 ला पहिली एसटी पुणे-अहमदनगर धावली, आणि 1 जून 2022 ला पहिली इलेक्ट्रिक 'शिवाई'ही त्याच मार्गावर (आजचं अहिल्यानगर). तिला रस्त्यात चार्जर शोधायची वेळ येत नाही, कारण सॉकेट स्वतःचं, डेपोतलं.

रात्री दोनचा फोन

आता वहिनींच्या प्रश्नाचं बघू. 45 युनिटच्या बॅटरीत वीस टक्के म्हणजे नऊ युनिटं, म्हणजे साठ किलोमीटर. आळे येत नाही, मंचरपर्यंत जेमतेम. तेव्हा या गाडीत वीस टक्क्यांवर झोपायचंच नाही. सोसायटीत स्वतःचा चार्जिंग पॉइंट असेल तर रोज रात्री मोबाइलसारखी लावायची आणि पन्नासच्या खाली येऊ द्यायची नाही. पन्नास टक्क्यांत नव्वद किलोमीटर आरामात होतात, वर हॉस्पिटलच्या दोन फेऱ्या. पण सोसायटीची कमिटी पॉइंट द्यायला तयार नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्या घरी आजारी माणूस नव्वद किलोमीटरवर आहे, त्याने आत्ता ही गाडी घेऊ नये. पब्लिक चार्जरच्या भरवशावर तर नाहीच.

आणि बहीण कल्याणला असेल तर माळशेजचा हिशोब वेगळा ठेवा. घाट उतरताना मोटर उलटी वीज बनवते, टक्केवारी वाढताना बघून मजा येते. येताना मात्र सहाएकशे मीटरची चढण. पावणेदोन टनांची गाडी एवढी उचलायला तीन युनिटं तरी जातात, म्हणजे वीस किलोमीटर हवेत गेले असं समजा. पावसाळ्यातल्या वीकएंडला धबधब्यासमोर तीन तास अडकलात, तर त्याचं टेन्शन घेऊ नका. चाकणचा अनुभव आठवा.

मित्राच्या सोसायटीने गेल्या आठवड्यात एनओसी दिली. गाडीचं बुकिंग वहिनींच्या नावावर झालंय. दादांनी फोनवर एवढंच विचारलं, "पडवीतल्या मीटरचं बिल पुण्याला पाठवायचं ना?"