धक्का किती लांबून आला?

भूकंपमापीवर आधी वेगवान पी-लहर उमटते, मागून संथ पण जोरकस एस-लहर. दोहोंमधल्या सेकंदांना साधारण आठने गुणले की भूकंपकेंद्राचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हिमायतनगरहून किल्लारी सरळ रेषेत सुमारे 200 किलोमीटर, म्हणजे तिथल्या भूकंपासाठी हिमायतनगरला हा फरक 25 सेकंदांचा. नेमकी जागा ठरवायला निदान तीन ठिकाणच्या नोंदी हव्यात.

तीव्रतेचे आकडे फसवे. एका अंकाच्या वाढीला ऊर्जा सुमारे 32 पट! 21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोली-नांदेडला जाणवलेला मोठा धक्का 4.5 चा, 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा 6.2 चा. फरक जेमतेम 1.7, ऊर्जा मात्र साडेतीनशे पट. अर्थात किल्लारीत बहुतेक बळी घेतले ते दगडमातीच्या जाड भिंतींनी, भर झोपेत.