लिनक्स बंद करण्याचा अधिकार कुणाचा?

विंडोजची सवय असलेला माणूस लिनक्सकडे वळला, की एक गोष्ट त्याला हमखास खटकते. संगणक बंद करण्याची आज्ञा द्यावी, तर कधी ती मुकाट्याने पाळली जाते आणि कधी प्रशासकाचा परवलीचा शब्द मागितला जातो. हा लहरीपणा नव्हे.

याचे मूळ १९६९ साली बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या युनिक्समध्ये आहे. तेथे एकाच यंत्राला अनेक टर्मिनल जोडलेले असत. एकाने यंत्र बंद केले, तर इतरांचे न साठवलेले काम बुडाले! म्हणून हा अधिकार 'रूट' या सर्वाधिकारी खात्याकडे राहिला आणि १९९१ मध्ये आलेल्या लिनक्सने तीच शिस्त उचलली.

घरातल्या एकट्याच्या संगणकाला मात्र ही शिस्त जाचकच. आज बहुतेक प्रमुख वितरणांत 'सिस्टिमडी' ही व्यवस्था असते. तिचा 'लॉगिनडी' हा घटक कोण, कोठून आत आले आहे याची नोंद ठेवतो. परवानगीचा निवाडा 'पोलकिट' करते. आपण यंत्रासमोर बसला असाल आणि दुसऱ्या कुणाचे सत्र चालू नसेल, तर साधारणपणे 'सिस्टिमसीटीएल पॉवरऑफ' ही आज्ञा परवलीच्या शब्दाविना चालते. दुसऱ्या खात्यातून कुणी काम करीत असेल किंवा आपण 'एसएसएच'ने दुरून आला असाल, तर प्रशासकाची संमती लागते. प्रस्तुत लेखकाला हा भेद न्याय्य वाटतो.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत संध्याकाळी यंत्रे बंद करणाऱ्या सहायकाला रूटचा परवलीचा शब्द देण्याची मुळीच गरज नाही. प्रशासकाने 'व्हिसुडो' वापरून 'सुडो'च्या नियमांत त्याच्या नावावर फक्त 'पॉवरऑफ' एवढीच आज्ञा मोकळी करावी. नियमात आज्ञेचा पूर्ण मार्ग लिहावा. घाईत सर्वच आज्ञा मोकळ्या करणे म्हणजे तिजोरीची किल्ली दाराला लटकवून ठेवणे.

यंत्र गोठले असेल, तर ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुधा प्रिंट स्क्रीनचीच कळ) दाबून धरून एस, यू, ओ या कळा क्रमाने दाबाव्यात. एसने साठवणीच्या वाटेवरचा मजकूर डिस्कवर लिहिला जातो, यूने डिस्क केवळ वाचनासाठी उरते, ओने वीज बंद होते. प्रशासकाने ही सोय रोखली असल्यास पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरणे एवढाच मार्ग राहतो. 'ईएक्सटी ४' ही फाइलव्यवस्था आपल्या रोजनाम्यावरून स्वतःला सावरते. अर्धवट लिहिलेले, न साठवलेले पत्र मात्र परत मिळत नाही.