उतारावरचं गोल्फ : टेकडीशी भांडू नका!

गोल्फ म्हणजे सपाट, हिरवागार गालिचा, असं टीव्हीवर बघून वाटतं ना? साफ चूक! स्क्रीनवर चढ-उतार दिसतच नाहीत. अमेरिकेत ऑगस्टा नॅशनलवर १९३४ पासून मास्टर्स स्पर्धा होते. तिथल्या तेराव्या होलवर जमीन उजवीकडून डावीकडे उतरते, त्यामुळे दुसऱ्या शॉटला बॉल पायांपेक्षा वर येतो. भलेभले तिथे गडबडतात.

एवढं लांब कशाला, आपलं खारघर घ्या. सिडकोने २०१२ मध्ये खारघरच्या टेकड्यांच्या कुशीत गोल्फ कोर्स सुरू केला, तोही सार्वजनिक. बड्या जिमखान्यांची मेंबरशिप म्हणजे ईएमआयवाल्यांसाठी स्वप्नच, म्हणून या कोर्सचं अप्रूप. पण वसई-विरारहून पहाटे निघून तिथवर पोचायचं आणि ड्रायव्हिंग रेंजच्या सपाट मॅटवर घोटलेला शॉट पहिल्याच चढावर भलतीकडे गेला, तर अख्खा रविवार वाया!

फंडा एकच

विरार फास्टमध्ये उभं राहायची सवय आहे ना? गाडी झुकली की आपणही झुकतो, तिच्याशी भांडत नाही. इथेही तेच. जमीन तिरकी झाली की क्लबचा कोन बदलतो आणि बॉलचा रस्ताही. तो बदल आधीच ओळखायचा. (पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी दिशा उलटी वाचावी.)

चढावर : खांदे चढाला समांतर ठेवा, वजन खालच्या पायावर येऊ द्या. बॉल उंच उडतो, कमी लांब जातो आणि डावीकडे वळू बघतो. म्हणून ७ नंबरच्या आयर्नऐवजी ६ नंबर घ्या, नेम थोडा उजवीकडे.

उतारावर : सगळ्यात अवघड प्रकार. वजन पुढच्या पायावर, बॉल जरा मागच्या पायाकडे. बॉल खालून निघतो, पडल्यावर लांब पळतो आणि उजवीकडे जातो. त्याला वर उचलायचा मोह टाळा. क्लब उताराच्या दिशेनेच जाऊ द्या. उंची हवी तर जास्त लॉफ्टचा क्लब वापरा.

बॉल पायांपेक्षा वर : क्लब थोडा खाली पकडा, ताठ उभे राहा. बॉल डावीकडे जाणार, नेम उजवीकडे.

बॉल पायांपेक्षा खाली : गुडघे जास्त वाकवा आणि शॉट संपेपर्यंत तसेच राहा. मध्येच उठलात तर बॉलचा फक्त माथा लागतो. बॉल उजवीकडे जाणार, नेम डावीकडे.

हिरोगिरी नको

आधी दोन-तीन प्रॅक्टिस स्विंग करा. क्लब गवताला कुठे घासतो ते बघा, बॉल तिथे येईल असे उभे राहा. मग पूर्ण ताकद न लावता पाऊण स्विंग. उतारावर तोल गेला की सगळं गेलं! जीवदानीच्या पायऱ्या उतरताना कुणी धावत सुटतं का?

बॉल ग्रीनवर नाही पोचला तरी टेन्शन नॉट. पुढचा शॉट सपाट जागेवरून मिळाला, तरी काम झालं. उतारावर एक स्ट्रोक गेला तर भरून काढता येतो. हट्टापायी तीन गेले तर स्कोअरकार्ड लपवत घरी यावं लागतं.

आणि हो, निघण्याआधी बुकिंग आणि फीची फोनवर चौकशी नक्की करा.