ऑफिसातली अर्धशिशी

अर्धशिशी म्हणजे नुसती डोकेदुखी नव्हे. उपचार न केल्यास एकेक झटका ४ ते ७२ तास टिकतो. ऑफिसात तिला निमित्तं भरपूर: डोक्यावर लुकलुकणारी ट्यूबलाइट, शेजारचा उग्र परफ्यूम, मीटिंगपायी राहून गेलेला डबा. उपाशी राहणं टाळणं त्यातल्या त्यात आपल्या हातात असतं, आणि नेमकं तिथेच आपण ढिले पडतो. ड्रॉवरमध्ये फुटाणे ठेवा, मीटिंग लांबली तर तिथेच खा, संकोच कसला? स्क्रीनवर तिरीप येत असेल तर टेबल फिरवून मागा. रोजचा चहा एकदम तोडू नका, त्यानेही डोकं उठतं. डॉक्टरांनी दिलेली गोळी दुखायला लागताच घ्यावी, ‘एवढं काम संपवते’ म्हणत थांबू नये. मात्र साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यातून १५ दिवस लागू लागल्या, तर त्यांच्यामुळेच डोकेदुखी वाढू शकते; तेव्हा डॉक्टरांना गाठाच.